उपरण्याच्या टोकाचा डाग

दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं. त्याच्याखालून वाकून एक नवरदेव आत शिरला. निदान मोहिनीला तरी तो नवरदेवच वाटला... मोतिया रंगाचा झळझळीत कुर्ता, कपाळावर घाम, आणि छातीवर पाण्याचा ओघळ.

"लवकर काहीतरी करा हो! अकराचा मुहूर्त आहे."

"लग्न तुमचं, आणि तुम्ही ड्रायक्लीनच्या दुकानात?"

"माझं कुठलं! मित्राचं आहे. मी नुसता मागे उभा राहणार."

"मग खुशाल उभे राहा. पाणीच तर सांडलंय."

"पाणी नाही..." तो ओशाळला. "केळीचा चीक आहे."

मोहिनीच्या हातातलं कुलूप तसंच राहिलं. केळीचा चीक मोठा लबाड. ताजा असताना पाण्यासारखा दिसतो. एकदा वाळला की असा काळपट होतो, की कापड फाटेल पण डाग जाणार नाही. म्हणून तर भडगावच्या आसपास गिरणा नदीकाठच्या घरांत केळीच्या बागेत जायचे कपडे वेगळ्या खुंटीला टांगलेले असतात.

"चांगल्या कपड्यांत केळीत गेलात?"

"वडील म्हणाले, लग्नघरी रिकाम्या हातानं जाऊ नकोस, जाता जाता एक घड उतरव."

"आणि तुम्ही उतरवलात?"

"खांद्यावरही घेतला."

तिनं ओठ घट्ट मिटले, पण डोळे हसलेच. "कापड कोणतं?"

"रेशीम! धुळ्याहून आणलंय. अस्सल."

"बघू." तिनं कुर्त्याच्या आतल्या शिवणीतून एक धागा ओढला, चिमट्यात धरला आणि काडी पेटवली. तोही नकळत पुढे वाकला. एवढ्याशा ज्योतीवर दोन कपाळं जवळ आली. धागा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा मणी होऊन बसला.

"रेशीम जळताना जळक्या केसांसारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. सूत कागदासारखं जळतं. हा मणी दाबून बघा... कडक आहे ना? पॉलिस्टर!"

"म्हणजे मला फसवलं!"

"वाचवलं म्हणा. यातून ओला चीक लवकर निघतो."

तिच्या वडिलांचा शर्ट घालून तो स्टुलावर बसला, आणि पंधरा मिनिटांत कुर्ता धुऊन, इस्त्री होऊन तयार झाला. पावतीवर तिनं नाव लिहिलं, योगराज. शटरपाशी जाऊन तो थांबला.

"लोकर कशी जळते हो?"

"साधारण रेशमासारखीच. का?"

"सहज... विचारावंसं वाटलं."

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो आला, तो शाल घेऊन. त्याच्या पुढच्या बाजाराला चामड्याचा पट्टा, मग रेक्झिनची पिशवी. दर वेळी एक वस्तू आणि दहा प्रश्न.

"रेशीम उन्हात का वाळवायचं नाही?"

"रंग उडतो, धागा कुजका होतो. सावलीत वाळवायचं, उलटं करून."

"आणि चामडं?"

"चामडं म्हणजे कातडंच ना! त्यालाही तहान लागते. साबण लावला की अंगचं तेल जातं, उन्हात टाकलं की तडकतं, आणि प्लास्टिकमध्ये कोंडलं की बुरशी धरते."

"रेक्झिनला तहान लागत नाही?"

"नाही. ओल्या फडक्यानं पुसलं की त्याचं पोट भरतं."

तो हसला. मग हळूच म्हणाला, "तुम्हाला वस्तूंचं मन कळतं. माणसांचं...?"

"माणसांवर कपड्यांसारख्या धुण्याच्या खुणा छापलेल्या नसतात," ती म्हणाली, आणि उगाचच पावतीबुक शोधू लागली. ते तिच्या हातातच होतं.

मोहिनीचे वडील अभिमन नाना. सारा गाव त्यांना नानाच म्हणे. ते आतून इस्त्री आपटत म्हणाले, "या पोराच्या घरात कपाट आहे का कापडबाजार?"

सहाव्या आठवड्यात त्यानं पिवळसर उपरणं आणलं. मऊ, जुनं, खरंखुरं रेशीम. एका टोकाला रुपयाएवढा काळपट डाग.

"पुन्हा चीक," तो म्हणाला. "जाईल ना?"

मोहिनीनं ते उजेडात धरलं. बराच वेळ धरलं. मग तिनं मान वर केली, तेव्हा तिच्या डोळ्यांत हसू नव्हतं.

"चीक ठिबकतो, ओघळतो, शिंतोडे उडवतो. इतका गोल बसत नाही. हा बोटानं लावलाय."

योगराजनं आपलं बोट मुठीत लपवलं.

"मागचे डागही...?"

"शालीवरचा. पट्ट्यावर तेल सांडलं, ते खरं होतं. मला... इथं यायला काहीतरी कारण लागायचं."

"हे उपरणं कुणाचं?"

"आजोबांचं. साठ वर्षांपूर्वीच्या लग्नातलं."

तिनं उपरण्याची जपून घडी केली आणि ती त्याच्या हातात दिली. "आजोबांनी साठ वर्षं सांभाळलं, आणि तुम्ही एका भेटीसाठी त्याला डाग लावला. ज्याला हातातली वस्तू जपता येत नाही, तो माणसं काय जपणार? पुन्हा येऊ नका."

तो आला नाही. एक बाजार गेला, दुसरा गेला. पावतीवर दुकानाचा मोबाइल नंबर होता, पण मेसेजही नाही. मोहिनी येणाऱ्या प्रत्येक शर्टाचे डाग बघायची... सगळे खरे. खऱ्या डागांचा इतका कंटाळा तिला कधीच आला नव्हता.

त्यानंतरच्या सातव्या बाजाराला काउंटरवर एक चामड्याची बॅग आली. मागे योगराज, उन्हानं रापलेला.

"धुवायला नाही आणली. तपासायला आणलीय. आजोबांचीच. माळ्यावर बुरशी धरून, कडक होऊन पडली होती."

मोहिनीनं बॅग दाबली, चामडं मऊ दबलं. शिवणीत नख फिरवलं, तिथं बुरशी नव्हती. कोपऱ्यात जुन्या दोन भेगा होत्या. नवी एकही नव्हती.

"उन्हात ठेवली नाहीत?"

"नाही. बाहेर पत्रा तापला होता, तासात वाळली असती. मी कोरड्या ब्रशनं बुरशी झाडली, ओलसर फडक्यानं पुसली आणि ओसरीत सावलीला ठेवली. आत कागद भरला, आकार राहावा म्हणून. मग दर चार दिवसांनी चामड्याच्या तेलाचं एक बोट. एकच."

"किती दिवस?"

"चाळीस. घाई करावीशी वाटली की तुमचा चेहरा आठवायचो. रागावलेला."

बॅगेत मलमलीच्या फडक्यात उपरणं होतं. डाग तसाच.

"घरी खरं सांगितलं. आई... बेबाबाई तिचं नाव... दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, 'तुले काई अक्कल शे का रे? त्या पोरले सरळ सांगी टाकनं व्हतं ना!'"

"मग?" मोहिनीचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

"मग सरळ सांगतो. आज काही बिघडलेलं नाही, कुठं नवा डाग नाही. तरी आलोय. मला तुम्ही आवडता... फार."

आतली इस्त्री थांबली होती. मोहिनीनं उपरण्याचं टोक उचललं, अंगठ्यानं डागावर हलकेच फिरवलं.

"हा जाणार नाही. काढायला गेलं तर रेशीमच जाईल."

"माहीत आहे," तो खाली बघत म्हणाला.

"पण टोकालाच आहे." ती थांबली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "लग्नात नवरीच्या शेल्याशी उपरण्याची गाठ मारतात ना... ती टोकालाच असते. गाठीच्या आत गेला, तर डाग कुणाला दिसणार?"

योगराजनं मान वर केली. "रेशमाला गाठ चालते?"

"रोज नाही. एक दिवस चालते."

तिनं पावतीबुक ओढलं. वस्तू, उपरणं, एक. नाव लिहिलं. तारखेच्या रकान्यावर पेन अडलं.

"न्यायला कधी येऊ?" त्यानं विचारलं.

मोहिनीनं रकाना कोरा ठेवला आणि पावती फाडून आतल्या पडद्याकडे बघितलं.

"तारीख नाना सांगतील."

पडद्यामागून नाना खाकरले. "आधी त्याच्या आईला घेऊन यायला सांग. आणि येताना म्हणावं, चांगल्या कपड्यांत केळीत शिरू नको!"