शून्य यशांकाचा खेळाडू

भाकितयंत्राच्या पडद्यावर शून्य उमटलं, तसा डॉ. वैजयंती कारखानीसांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. शून्यच.

"निनाद, यात कुणीतरी हात घातलाय."

"बाई, तीनदा तपासलं. कुणी शिवलेलं नाही."

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकून डाव चालवतो तो क्वार्टरबॅक. दरवर्षी सगळे संघ पाळीपाळीनं कॉलेजचे खेळाडू निवडतात. सर्वांत दुबळ्या संघाची पाळी पहिली. निनाद चौबळनं बनवलेलं यंत्र जुन्या निवडी आणि विक्रम अभ्यासून नव्या खेळाडूचा यशांक सांगे, म्हणजे कारकिर्दीत तो किती फेकी यशस्वी करील तो आकडा, आणि विचारलं तर त्यामागचं कारणही. आता प्रत्येक संघाकडे हे यंत्र होतं.

आजचं शून्य एका लहान कॉलेजच्या आयझेया ब्रूक्सचं होतं. त्याचा खांदा संघाच्या डॉक्टर म्हणून बाईंनी स्वतः मोजला होता. उद्या निवड झाली नाही, तर तो पोरगा पुन्हा चेंडू हातात धरणार नव्हता. बापाच्या गॅरेजात टायर बदलणार होता.

"असा खांदा मी एकदाच पाहिला. गस हॅडलीचा. त्याला सर्वांत शेवटी घेतलं, तेव्हा सभागृह हसलं होतं. तीन वर्षं बाकावर शेंगा सोलत बसला, आणि मग केलेला विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. त्याची तरुणपणीची मोजमापं यंत्राला दे बघू."

यंत्रानं गसलाही शून्य दिलं.

"मेल्या, काय शिकवलंस रे याला?"

निनादचा चेहरा उतरला. "बाई, हे पुढं काय घडणार ते सांगतं. आणि पुढं काय घडणार, हे आता याच्याच उत्तरावर ठरतं. लहान कॉलेजच्या पोराचा आकडा थोडा कमी दिसतो. कमी दिसला की कुणी निवडत नाही. निवडच नाही, तर फेकी कुठून? शून्य."

"मग यंत्राला सांग, आयझेयाचा आकडा कुणालाच कळणार नाही."

या वेळी आकडा हॅडलीच्या विक्रमापुढे गेला. संघाच्या मालकाला कळवायला निनादनं फोन उचलला. बाईंनी त्याचं मनगट धरलं.

"थांब. आता विचार, हा आकडा मालकाला कळला तर?"

उत्तर आलं: एक हंगाम. पहिल्याच दिवशी, त्याला वाचवणाऱ्या कच्च्या फळीमागे उभा केलेला, गुडघा गेलेला.

तेवढ्यात त्यांच्या संघाचा मालक हॉलिस आत आला. "डॉक्टर, ब्रूक्सचा यशांक? माझ्या यंत्रावर शून्य आहे."

"माझ्याकडे सांगण्यासारखा आकडा नाही."

हॉलिसनं डोळे बारीक केले. "शून्य असतं तर शून्य म्हणाला असतात. दुसऱ्या कुठल्या संघासाठी राखून ठेवताय का?"

बाईंनी यंत्राचा पडदा बंद केला. दुसऱ्या दिवशी हॉलिसनं आयझेयाला सर्वांत शेवटी उचललं. सभागृह हसलं. "बाकावर बसवा," तो प्रशिक्षकाला म्हणाला. "यात काहीतरी गोम आहे. कळेपर्यंत मैदानावर पाठवू नका."

प्रयोगशाळेत निनादनं टाळी वाजवली. "बाई, जमलं!"

बाईंनी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. "यंत्र काय म्हणालं? कुणालाच कळलं नाही तर. आपण दोघं कोण आहोत रे? पोरानं पहिली फेक चुकवली की तूच म्हणशील, धीर धरा. हॉलिसला तेवढं पुरे; आकडा मोठा आहे हे ओळखून तो पोराला लगेच मैदानात ढकलील."

निनादनं यंत्रातला आकडा पुसला. मग आपलंही ओळखपत्र काढलं.

दोघांना सामान घेऊन बाहेर पडताना हॉलिसनं खिडकीतून पाहिलं आणि प्रशिक्षकाला फोन लावला. "बघा, पळाले. मी म्हटलं नव्हतं? त्या पोराला बाकावरून हलवू नका."