सावलीतल्या गाडीचे तापलेले आकडे

"तुम्ही व्हा पुढे. माझा दुपारचा आकडा राहिलाय," गौरजा म्हणाली आणि पुष्करने कपाळावर हात मारून घेतला.

विहिरीवर डुंबायला जायचं म्हणून तिघंही खांद्यावर पंचे टाकून खळ्यात उभी होती. पुष्कर हा गौरजाचा आतेभाऊ. सुट्टीसाठी कुडाळहून जामसंड्याला आलेला, गौरजापेक्षा दोन वर्षांनी मोठा आणि स्वतःच्या मते वीस वर्षांनी शहाणा. संचिता शेजारच्या घरातली. तिच्या तोंडाला विश्रांती मिळायची ती फक्त आंबा खाताना.

"रोज तोच तर आकडा," संचिता म्हणाली. "तेहतीस, तेहतीस, तेहतीस, तेहतीस. न बघताच लिही की गो. बाईंना काय कळणार आहे?"

"बाईंना नाही कळणार. मला कळेल."

विमला बाईंनी सातवीच्या वर्गाला सुट्टीत कुठलीही एक गोष्ट दिवसातून तीनदा मोजायला सांगितली होती. कुणी उन्हाचा पारा मोजत होतं, कुणी दारात येणारे बुलबुल. गौरजाने निवडली सुशांतकाकाच्या गाडीच्या टायरांतली हवा. त्याला कारणही काकाच होता. महिन्याभरापूर्वी त्याने जुनी साधी चाकं काढून कुडाळच्या एका दुकानातून नवी रुंद अलॉय चाकं बसवून आणली होती. चाकं होतीही देखणी, उगाच नावं कशाला ठेवायची? पण काकाचं कौतुक असं की एक वेळ आंघोळ चुकेल, चाकं पुसायची चुकायची नाहीत.

गौरजाचा जीव मात्र चाकांच्या आत काय आहे त्यावर जडला होता. या गाडीच्या प्रत्येक चाकात काडेपेटीएवढी एक डबी होती, सेन्सरची. टायरमधली हवा मोजायची आणि बिनतारी निरोप पाठवून डॅशबोर्डवर आकडा दाखवायचा, एवढंच तिचं काम. गाडी उभी असली तरी अधूनमधून तिचा निरोप यायचाच. टायरच्या पोटात बसून, खड्ड्याखाचळ्यांतून गरागरा फिरत ती एवढीशी वस्तू इमानाने आपलं काम करते, याचं गौरजाला भारी अप्रूप वाटायचं. जुन्या चाकांतल्या चारही डब्या काढून नव्या चाकांत घातल्या, असं दुकानदार समर्थने काकाला सांगितलं होतं. डॅशबोर्डवर आकडे तर दिसत होते. मग शंका घ्यायची कशाला?

बागेच्या कडेला कौलारू मांगर होता. आंब्याच्या पेट्या, अवजारं आणि काकाची गाडी, सगळं त्यातच. गौरजाने आत जाऊन गाडीची चावी फिरवली आणि वही उघडून "ते" एवढं लिहिलंही. मग तिने वर पाहिलं.

चारही चाकांत सदतीस.

तिने दोघांना हाक मारली. पुष्करने आकडे पाहिले आणि लगेच गुरुजी झाला. हवा तापली की फुगते, फुगली की टायरमधला दाब वाढतो, त्यात काय एवढं? गौरजाने खाली वाकून चाकाला हात लावला. गाडी कालपासून जागची हलली नव्हती. कौलांच्या सावलीत टायर माठासारखा गार होता.

"मग तापलं काय?" तिने विचारलं.

गुरुजींनीही टायर चाचपून पाहिला. गौरजाने वहीची पानं मागे उलटली. मंगळवारी काका भर दुपारी तळेऱ्याहून आला होता, तेव्हा टायरांना हात लावता येत नव्हता. त्या पानावर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं तेहतीस. तापलेल्या चाकांत तेहतीस आणि गार चाकांत सदतीस! आणि मंगळवारची आणखी एक गोष्ट तिला आठवली.

जामसंड्याच्या तिठ्यावर बाबूचं पंक्चरचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्याने टायर सोडून दुसरं काही हातात धरलं नव्हतं. मंगळवारी काका तिथे थांबला तेव्हा गौरजाही बरोबर होती. बाबूने सहज जाता जाता पुढच्या डाव्या टायरवर बोटाचं पेर वाजवलं होतं आणि म्हणाला होता, "सुशांता, ह्या चाक बसलाहा रे. वारो बघून घे." काकाने हसून डॅशबोर्डकडे बोट दाखवलं होतं. कानाने वारा बघायचे दिवस गेले, असं वर ऐकवलंही होतं.

विहीर राहिली बाजूला. तिघंही सायकली घेऊन तिठ्यावर गेली. बाबूने काही विचारलं नाही. खिशातून पितळेची, हाताळून गुळगुळीत झालेली पेनाएवढी नळी काढून दिली. ती टायरच्या वॉल्व्हवर दाबली की मागून पट्टी बाहेर येते आणि हवा किती ते कळतं. परत येऊन त्यांनी चारही चाकं तपासली. तीन चाकांत तीस आणि पुढच्या डाव्यात एकवीस.

काका जेवायला आला तेव्हा गौरजाने त्याला ते दाखवलं. काकाने नळी उलटसुलट करून पाहिली, डॅशबोर्डवरचे आकडे पाहिले आणि नळी तिच्या हातात परत ठेवली.

"कंपनीचो कंप्युटर खोटा बोलता आणि बाबूची नळी खरा? सदतीस म्हणजे उलट जास्तच आसा. जेवूक चल."

एरवी गौरजाने सोडून दिलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काका काशीबाई आजीला घेऊन याच गाडीने कोल्हापूरला निघणार होता. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. आंब्याचं काम उरकल्याशिवाय जायचं नाही म्हणून तिने दोनदा तारीख पुढे ढकलली होती, आणि आता तिला समोरचं माणूस आवाजावरून ओळखावं लागत होतं. तळेऱ्याहून पुढे घाट चढायचा, एका बाजूला दरी, आणि त्या वळणांवर पुढचं डावं चाक बरंच बसलेलं! गौरजा ताटावरून अर्ध्यातच उठली.

"आकडे चाकांतून येत नसतील तर कुठून येतात?" हात धुताना ती पुष्करला म्हणाली आणि उत्तरही तिलाच सुचलं. "जिथे ऊन आहे तिथून. गाडीच्या जवळपास काहीतरी उन्हात तापतंय."

उन्हात काय नव्हतं? मे महिन्यातलं खळं ते. दोरीवर कपडे होते, ताटांत आंबापोळी होती आणि आजीने मोठ्या पत्र्यावर कोकमाची सोलं वाळत घातली होती. शेवटी गौरजाने काकाची मोठी काळी छत्री आणली. एकेका वस्तूवर सावली धरायची आणि आकडा उतरतो का बघायचं. संचिताला गाडीत बसवलं, कारण तिचा आवाज खाडीपलीकडेही ऐकू गेला असता.

कपड्यांवर छत्री धरली. "सदतीस," संचिता ओरडली. आंबापोळीवर धरली. सदतीसच. तिथे पुष्करने पोळीचा एक कोपरा तोडून तोंडात टाकला, पण तो तपासाचा भाग नव्हता. मग सोलांच्या पत्र्यावर. पाच मिनिटं गेली, दहा गेली. गौरजाचा हात भरून आला.

"छत्तीस! चारही छत्तीस झाले गो!"

दोघांनी पत्रा अलगद उचलला. एका बाजूने उंच राहावा म्हणून त्याच्या कडेखाली टेकण दिलं होतं. हातभर लांबीचा करडा प्लॅस्टिकचा पाइप, दोन्ही तोंडांना झाकणं लावून घट्ट चिकटवलेली, आणि एका झाकणातून टायरचा असतो तसला वॉल्व्ह बाहेर आलेला. गौरजाने तो कानाशी हलवला. आत काहीतरी खडखडलं.

आजी पडवीत सुपारी कातरत बसली होती. हाताला सवय, डोळ्यांची गरज नव्हती. गौरजाने पाइप तिच्या हातात दिला.

"तो होय?" आजी चाचपून म्हणाली. "काल डिकीत गावलो, स्टेपनीखाली. पेटयो भरूक डिकी रिकामी करी होतंय. बागेतलोच पायप म्हणान हयसर आणलंय. पत्रो एका बाजून उचललो काय सोलांचो रस बरो गळता."

बरोबरच होतं तिचं. कलमांना पाणी घालणाऱ्या घरात पाइपच्या तुकड्याकडे दोनदा कोण बघतंय? अंधूक डोळ्यांच्या आजीनेच नव्हे, घरातल्या कुणीही तो इतर पाइपांतच टाकला असता.

पुष्करचे डोळे एव्हाना लकाकत होते. समर्थने चारही डब्या चाकांत घातल्याच नव्हत्या. त्या या पाइपमध्ये कोंडून त्यात तेहतीसची हवा भरली होती आणि पाइप डिकीत लपवला होता. डब्या बिचाऱ्या खरंच सांगत होत्या, पण चाकांचं नव्हे, पाइपचं! पाइप फोडून आत बघायला पुष्करचे हात शिवशिवत होते. गौरजाने तो पाठीमागे धरला.

"फोडलास तर काका म्हणेल, पोरांनी काहीतरी मोडलं. फोडायचा नाही. काकालाच वाचायला लावू."

वामकुक्षी आटोपून काका आला तेव्हा मांगराच्या दारात विहिरीच्या पाण्याने भरलेली बादली होती आणि शेजारी पाइप पुन्हा उन्हात तापत ठेवला होता. वहीसाठी एक शेवटचा प्रयोग आहे, तू फक्त आकडे वाच, असं सांगून गौरजाने त्याला गाडीत बसवलं. चाकांशी काही करायचं नाही म्हटल्यावर तोही खुशीत बसला.

"सदतीस, सदतीस, सदतीस, सदतीस," त्याने वाचलं.

गौरजाने पाइप पाण्यात बुडवला. कुणी बोललं नाही. संचितासुद्धा नाही, आणि ही गोष्ट वहीत लिहून ठेवण्यासारखी होती. काकाने घड्याळ बघितलं, जांभई दिली आणि पुन्हा आकड्यांकडे पाहिलं. जांभई अर्धीच राहिली. छत्तीस. थोड्या वेळाने चौतीस. मग तेहतीस. चारही बरोबर उतरले.

काका खाली उतरला. चाकं होती तिथेच होती, कोरडी. तो कधी त्यांच्याकडे बघत होता, कधी बादलीकडे.

"काका," गौरजा म्हणाली, "तुझ्या चारय चाकांचो वारो ह्या बादलीत आसा."

काकाने तिथल्या तिथे समर्थला फोन लावला आणि आवाज मोठा केला. समर्थ तोंड भरून बोलला. डब्या चाकांतच आहेत साहेब, माझ्या हातांनी बसवल्यात. गौरजा फोनजवळ गेली.

"मग समर्थदादा, पाइप पाण्यात बुडवला की आमच्या चाकांचे आकडे कसे उतरतात?"

पलीकडे समर्थने दुकानातली हातोडी थांबवायला सांगितली. मग तो हळू आवाजात कबूल झाला. डब्यांचा मूळ वॉल्व्ह नव्या रिमच्या भोकात नीट बसेना. बसणारा मागवायचा तर आठवडा गेला असता, आणि डब्या नसल्या की डॅशबोर्डवर धोक्याचा दिवा पेटतो, तो गिऱ्हाइकाला चालत नाही. काका त्याला फाडून खाईल असं पोरांना वाटलं. पण काकाने फोन ठेवला आणि मांगराच्या पायरीवर बसला.

"तो आत चाकां बसवी होतो तेव्हा मी भायर फोटो काडी होतंय," तो म्हणाला. "आणि उद्या आयेक घेवन घाट चढतलो होतंय."

बाबू संध्याकाळच्या आधीच आपली पिशवी घेऊन आला. साबणाचा फेस बोटावर घेऊन त्याने पुढच्या डाव्या चाकाच्या वॉल्व्हभोवती लावला. फेसात एक बारीक बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. नवा रबरी वॉल्व्ह भोकात तिरका बसला होता, तिथून हवा निसटत होती. मंगळवारी नुसत्या पेराच्या आवाजावरून ओळखलेलं हेच ते. गौरजा त्याच्या काळ्या, भेगाळलेल्या बोटांकडे बघतच राहिली.

घाटासाठी जुनी चाकंच बरी, असं बाबूने ठरवलं. ती टायरांसकट कोपऱ्यात पडून होती, फक्त डब्या आणि वॉल्व्ह नव्हते. करवतीने पाइप कापल्यावर चारही डब्या वॉल्व्हसकट त्याच्या तळहातावर आल्या. त्याने एक उजेडात धरली.

"केदोसो जीव, आणि न बघता वारो सांगता," तो म्हणाला. "माका ह्या शिकाक चाळीस वर्सां लागली."

पहारीने टायरची कड उचलत, डबीला धक्का न लावता त्याने एकेक डबी जागच्या जागी बसवली. हवा भरली, चाकं चढवली आणि प्रत्येकातून थोडी हवा सोडून आकडा उतरतो की नाही, हे संचिताकडून मोठ्याने वदवून घेतलं. काका बाजूला बॅटरी धरून उभा होता. काम झाल्यावर त्याने पितळी नळी बाबूच्या खिशात स्वतःच्या हाताने ठेवली आणि कानाने वारा बघायचे दिवस गेलेले नाहीत, असं सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

सकाळी निघताना आजीने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, चार चाकांत चार डब्ये आसत, त्येंका खरा बोलाची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पोरं ओरडली. सगळ्यांत मोठा आवाज काकाचा होता.

पंधरवड्याने समर्थ स्वतः जामसंड्याला आला, बरोबर योग्य वॉल्व्ह घेऊन. बाबू डोक्यावर उभा राहिला, काका या वेळी जागचा हलला नाही, आणि नव्या चाकांत डब्या अखेर खरोखर बसल्या. आकडे गौरजाच्या वहीत उतरेपर्यंत समर्थला चहासुद्धा मिळाला नाही. मग काकाने सगळ्यांना तिठ्यापर्यंत फिरवून आणायचं ठरवलं. गाडीची चावी त्याने आधी गौरजाच्या हातात दिली. ती आकडे बघून हो म्हणेल तेव्हाच निघायचं, हा आता घरचा नियम होता.

आजी काळा चष्मा लावून पुढे बसली होती. इतके दिवस डॅशबोर्ड म्हणजे तिच्यासाठी नुसता धुरकट उजेड होता. तिने चष्मा जरा वर केला आणि पुढे वाकली.

"तेहतीस, चौतीस, बत्तीस, पस्तीस," तिने सावकाश वाचलं. "चारय येगळे आसत गो?"

"असेच खरे असतात, आजी."

आजी वळली. मागच्या सीटवरून पुढे डोकावलेला गौरजाचा चेहरा तिने दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ नुसती बघत राहिली.

"हुशार गो माझा चेडू," ती म्हणाली. "पण तुझ्या नाकार हो तीळ कधी इलो?"

तीळ तीन वर्षांपूर्वीचा होता. गौरजाने ते सांगितलं नाही.