दोन वाट्या तळ

सकाळी साडेनऊला पोषण केंद्रात डॉ. इरावती कानडेने स्वतः उभं राहून जठरिका रिकामी करून घेतली. "अगदी तळापर्यंत, चांगुणाबाई. थेंबही ठेवायचा नाही." चांगुणाबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं. नळी कोरडी होईपर्यंत त्यांनी उपसा केला, सगळं जंतुनाशकाच्या बादलीत ओतलं आणि झाकण आवळलं. मग इरावतीने निर्जंतुकीकरणाची कळ दाबली. आता तापमान एकशेएकवीस अंशांवर जाऊन वीस मिनिटं तिथंच राहणार होतं.

जठरिका म्हणजे काचेचं आणि पोलादाचं पोट. वरून घास घालायचा. तो आम्लातून, पित्तातून, शेवटी जिवंत जंतूंच्या कप्प्यातून जायचा आणि त्यातलं किती लोह रक्ताला मिळेल, त्याचे गुण पडद्यावर उमटायचे. आंबेदरा खोऱ्यातल्या बायका आपल्या शेतातल्या नाचणी, वरई आणि कुळथापासून सत्त्ववडी करत. प्रत्येक खेप आधी जठरिकेने खायची आणि मगच ती अंगणवाडीत जायची. सहा वर्षांत एकही खेप नव्वदच्या खाली आली नव्हती. इरावतीला त्या आकड्यांचा केवढा अभिमान! आणि तरीही खोऱ्यातली मुलं पांढरी पडत चालली होती. चांगुणाबाईंची नात मंजू चार वर्षांची. काल ती अंगणवाडीची पाचवी पायरी चढली आणि धापा टाकत खाली बसली. तिचं हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. इरावतीला रात्री जेवण गेलं नाही.

इरावतीचे गुरू, जंतुशास्त्रज्ञ डॉ. नौशाद तांबोळी, पुण्याहून आले ते हातात कागद घेऊनच. खुर्ची ओढायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली.

"तुझ्या वडीला माझ्या जठरिकेत चौतीस गुण मिळाले."

"माझ्याकडे एक्याण्णव, सर."

"मग दोनातलं एक पोट खोटं असणार. आणि मुलांचं रक्त माझ्या बाजूनं बोलतंय."

"म्हणून तर उकळायला लावलंय. माझं यंत्र नासलंय. त्याच्यावर विसंबून मी या मुलांना सहा वर्षं..."

तांबोळींनी चष्मा पुसला. "नाचणीत लोह भरपूर, पण ते कुलपात असतं. धान्यातलंच एक आम्ल त्याला धरून ठेवतं. माणसाच्या पोटाकडे त्या कुलपाची किल्ली नाही, काही जंतूंकडे असते. मागच्या महिन्यात तू पाठवलेला गाळ मी तपासला. त्यातले जंतू किल्ल्यांचा जुडगाच घेऊन बसलेत! आपण यंत्रात घालतो ते प्रमाण-विरजण शहरातल्या निरोगी माणसांचं. त्यात हे जंतू नाहीत. देशभरातल्या कुठल्याच नोंदीत नाहीत. तुझ्याकडे आले कुठून?"

"माझ्या मडक्यातून, सर."

चांगुणाबाई दारातच उभ्या होत्या. पहिल्या दिवसापासून यंत्राची धुण्या-भरण्याची कामं त्यांच्याकडेच होती.

"यंत्र आलं त्या दिशी पार रितं व्हतं. रितं भांडं कामाला लावीत न्हाईत आमच्यात. म्हणून घरच्या आंबिलीचा तळ आणून ओतला. मंग दर शनवारी उकळायच्या आधी दोन वाट्या काढून ठिवायच्या आन् गार झालं की तुमच्या विरजणाच्या बाटलीसंगं परत सोडायच्या. आंबिलीचं मडकं तळापातूर रितं करायचं नसतंय, मॅडम. माझ्या सासूच्या सासूपासनं त्योच तळ चालत आलाय."

इरावतीचा तोल सुटला. "सहा वर्षं मला खोटे आकडे दाखवलेत तुम्ही!"

"थांब," तांबोळी म्हणाले. "आकडे खोटे नव्हते. हे यंत्र या खोऱ्याचंच पोट झालं होतं. ही आंबील पिणाऱ्या मुलाला तुझी वडी एक्याण्णव गुणांनीच लागू पडेल. माझं कोडं वेगळं आहे. मुलं याच खोऱ्यात जन्मलेली. मग त्यांच्या पोटात हे जंतू का नाहीत?"

इरावतीला उत्तर कळलं होतं. ते समोरच्या भिंतीवर चौकटीत टांगलेलं होतं. केंद्र सुरू झालं त्या वर्षी खोऱ्यात जुलाबानं दोन मुलं गेली आणि तिने 'स्वच्छ चूल' मोहीम काढली. आंबिलीची जुनी, आंबट वासाची मडकी देवळापुढं आणून फोडायची, घरोघर स्टीलचं पातेलं आणि जंतुनाशकाची बाटली द्यायची, आंबिलीऐवजी बंद पाकिटातली सत्त्ववडी. दोष झऱ्याच्या पाण्याचा होता, हे पुढं उघडकीला आलं. पण तोवर मोहिमेला पदक मिळालं होतं. छायाचित्रात खापरांच्या ढिगापाशी ती हसत उभी होती. पहिलं मडकं तिनेच फोडलं होतं.

"मडकी मीच फोडायला लावली, सर."

"एखादं उरलं असेल कुणाकडे."

"एकशे बारा होती. एकही उरलं नाही. मी घरोघर फिरून खात्री केली होती."

"गाळाचे नमुने?"

"सगळे मद्यार्कात, तुम्हाला पाठवलेलाही. मेलेले."

"म्हणजे अख्ख्या खोऱ्याचा तो तळ एकाच भांड्यात..." तांबोळी थबकले आणि वळले. पडद्यावर एकशेएकवीस अंश दिसत होते. एकोणीस मिनिटं झाली होती.

इरावतीने धावत जाऊन वीज तोडली. तोडून उपयोग नाही हे तिला ठाऊक होतं, तरी तोडली. वाफ निवायला वेळ लागला. झाकण उघडलं तेव्हा आतलं पोलाद लखलखत होतं. कसलाही वास येत नव्हता.

मग एकदम तिला आठवलं आणि तिने चांगुणाबाईंचे दोन्ही हात धरले. "दोन वाट्या! आजही काढून ठेवल्या असतील ना तुम्ही? मी यायच्या आधी? कुठं ठेवल्यात ते सांगा, मी एका शब्दानं बोलणार नाही."

चांगुणाबाईंनी हात सोडवून घेतले नाहीत. यंत्रात काय जळून गेलं, हे त्यांनाही आता उमगलं होतं.

"न्हाई, मॅडम," त्या म्हणाल्या. "काल तुम्ही मंजूचा कागद वाचून दाखवला आन् यंत्र नासलंय म्हणलात. मला वाटलं, माझ्या तळानंच लेकराचं रगत आटलं. म्हणून आज पहिल्यांदा तुमचं समदं ऐकलं."