तिथल्या उजेडातला दात

त्याला मी आधी ऐकलं आणि मग पाहिलं.

चष्म्याची दांडी निखळली तेव्हा मी भर रस्त्यात होते. बारीक भुरभुर सुरू झाली होती. दिवे, छत्र्या, माणसं... सगळं विरघळून एकमेकांत मिसळलेलं, जणू कुणी ओल्या रंगांवरून बोट फिरवलं. मी चाचपडत समोरच्या पिवळ्या उजेडाकडे गेले, कशावर तरी आदळले आणि घाईने म्हणाले, "माफ करा हं!"

आतून कुणीतरी हसलं.

"दार आहे ते. रागावलेलं दिसत नाही. या आत."

देवाची दया बघा, दुकान नेमकं चष्म्यांचं निघालं. तो म्हणजे माझ्यापुरता एक निळा सदरा आणि एक आवाज, एवढाच होता. आवाज मात्र असा, की पुन्हा ऐकावासा वाटावा. त्याने स्क्रू बसवला आणि चष्मा हातात न देता हलकेच माझ्या नाकावर ठेवला. कानामागे त्याची बोटं क्षणभर टेकली. उबदार होती...

"बघा आता. जग दिसतंय?"

जग दिसलं. पण मला आधी दिसला त्याचा दात.

माझी खोडच आहे ती. मी प्रयोगशाळेत दात घडवते. डॉक्टर माप पाठवतात, मी चिनी मातीच्या बारीक पुडीचे थर चढवून, भाजून, शेजारच्या दातांशी रंग जुळवून खोटा दात खरा करते. त्यामुळे कुणी हसलं की मला दात आधी दिसतो आणि माणूस नंतर.

"डाव्या सुळ्याशेजारचा तो दात तुमचा नाही," मी बोलून गेले.

त्याचा हात झटकन तोंडावर गेला. "ओळख ना पाळख, आणि थेट दातावर?"

"काम सुरेख आहे हो! पण रंग इथला नाही. कुठल्यातरी ढगाळ उजेडात जुळवलाय. इथे तो जरासा... निळा पडतो."

तो बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "तिकडे बसवला होता." आणि त्याने देशाचं नाव घेतलं.

त्याच देशातल्या एका प्रयोगशाळेने मला बोलावलं होतं. जिथे हे काम शिकायचं स्वप्न मी कधीपासून पाहत होते, ती जागा. महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

"मला तिथे कामाला बोलावलंय. सांगा ना," मी म्हणाले, "तिथे राहायला कितपत खर्च येतो?"

"बसा," तो म्हणाला आणि स्टूल पुढे सरकवलं.

त्याने सगळं नीट सांगितलं. दूध, पाव स्वस्त. भाडं पगाराचा तिसरा हिस्सा खातं. बसचा पास काढला की गाव आपलं. "पण जिथे माणसाचा हात लागतो ना, तिथे महाग. केस कापायचे तर दोनदा विचार करायचा. हा दात तर मी वर्षभर पैसे साठवून बसवला."

"आणि सगळ्यात महाग काय?"

"एकट्याने राहणं," तो काच पुसत म्हणाला. "दोघं असले की तेच भाडं अर्धं पडतं."

दुसऱ्या दिवशी माझी दांडी पुन्हा सैल झाली. त्यानंतर नाकावरची गादी टोचू लागली. मग काचा कारण नसताना धूसर दिसू लागल्या.

"काय गं," आई म्हणाली, "त्या चष्म्याला रोज काय होतं? माझे गुडघेसुद्धा इतके कुरकुरत नाहीत."

"नाकावरची गादी टोचते," मी म्हणाले. पण संध्याकाळी दिवा लावून बसले, की त्या दिवसाचं खरंखुरं देवाला सांगायचं असा माझा नेम आहे. तिथे गादी टोचते असं म्हणताच येईना. तिथे मला गप्प बसावं लागायचं... आणि गप्प बसल्या बसल्या हसू यायचं.

दुकानात मी रोज एक नवीन प्रश्न घेऊन जायची. तिथली थंडी कशी, शेजारी बोलतात का, भाजी काय भाव. आणि एक गंमत माझ्या लक्षात आली. दिवसागणिक तो देश महाग होत चालला होता.

"टोमॅटो? इथल्या चौपट."

"परवा दुप्पट म्हणाला होतात."

"हंगाम संपला असेल."

भाडं तिसऱ्या हिश्श्यावरून निम्म्या पगारावर गेलं, मग पाऊण पगारावर. बस उशिरा यायला लागली. शेजारी तर पार मुके झाले.

"आणि चष्म्याचा स्क्रू बसवायला?" मी डोळे मोठे करून विचारलं.

"स्क्रू?" तो माझ्या दांडीवर वाकला होता, त्याचा श्वास माझ्या कपाळावरच्या बटांना लागत होता. "एका दिवसाचा पगार."

आतल्या खोलीत त्याचे काका काचा घासत बसलेले असत. त्यांनी मशीन थांबवून आवाज दिला, "अरे, त्या दांडीत आता स्क्रू बसायला जागा उरली नाही! पोरीला नवी फ्रेम तरी दे, नाहीतर काय ते विचारून तरी टाक!"

तो कानापर्यंत लाल झाला. मी काऊंटरवरच्या आरशात माझा चष्मा सारखा करत राहिले. तो सरळच होता.

"तुम्ही परत का आलात?" मी एकदा विचारलं.

त्याने पुसलेलीच काच पुन्हा पुसायला घेतली. "पैसे पुरत होते," तो म्हणाला. "रविवार संपत नव्हते."

त्या संध्याकाळी दिव्यासमोर मी त्याच्यासाठी काहीतरी मागितलं. काय ते सांगणार नाही.

महिनाअखेरीला मी गेले, तेव्हा चष्मा धडधाकट होता. डोळ्यांवरच होता. बाहेर पाऊस थांबला होता आणि काचेवरून थेंब एकेक करून ओघळत होते.

"आज काय बिघडलं?" त्याने विचारलं.

"काही नाही. सकाळी मी तिथल्या प्रयोगशाळेला हो कळवलं."

त्याच्या हातातला बारीक पेचकस खाली पडला. तो उचलायला वाकला आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिला. मग ड्रॉवरमधून एक छोटी डबी काढून माझ्यासमोर ठेवली. आत इवलेसे स्क्रू चमकत होते.

"ठेवून घ्या. खरं तर... गरज नाही पडायची. तिथे हे फुकट बसवून देतात." त्याची नजर डबीवरून हलेना. "टोमॅटो दुप्पटच आहेत. शेजारी चांगले आहेत, आजारी पडलो तर सूप आणून द्यायचे. मी खोटं बोललो. वाटलं, परवडणार नाही असं वाटलं तर... तर तू राहशील." तो दचकला. "म्हणजे, तुम्ही..."

"मला माहीत होतं."

"काय?"

"तिथल्या प्रयोगशाळेतल्या बाईंना मी दुसऱ्याच दिवशी फोन करून सगळे भाव विचारले होते."

"मग रोज कशाला..." तो बोलता बोलता थांबला.

आतलं मशीनही थांबलं होतं.

मी मान खाली घातली. जे रोज दिव्यासमोर मनात यायचं, ते आता इथे सांगायचं होतं आणि कसं सांगावं ते सुचत नव्हतं. म्हणून मी मला येतं ते बोलले.

"तुमच्या दाताचं..."

"बदलून देणार?"

"नाही. तो बरोबर आहे. त्याला उजेड परका मिळालाय. तिथल्या उजेडात तो अगदी जुळेल. मला एकदा बघायचाय... तिथे."

"आणि रविवार?" त्याने अगदी हळू विचारलं.

"रविवारी मला सुट्टी असते."

"भाडं फार आहे हो तिथे."

"तिसरा हिस्सा," मी म्हणाले. "आणि दोघं असले की अर्धं पडतं. पहिल्या दिवशी खरं बोलला होतात ना?"

"जा रे बाबा," आतून काका ओरडले, "दुकान काही पळून जात नाही!"

आणि तो हसला. नेहमीसारखा त्याचा हात तोंडाकडे निघाला होता, पण अर्ध्या वाटेवर थांबला आणि काऊंटरवर माझ्या हाताशेजारी येऊन टेकला. दात अजून जरासा निळा होता. मला तो अतिशय आवडला.