पेन्सिलीने लिहिलेलं ‘कोणी नाही’

“हे कोण?” घरी आलेल्या ऑफिसातल्या पाहुण्यांनी विचारलं. कपाटाच्या दाराशी उभा असलेला तानाजी तोंड उघडणार, तोच त्याचा धाकटा भाऊ रमण घाईने म्हणाला, “सुतार आहेत. कपाटं बसवायला आलेत.”

ओमानमध्ये, मस्कतजवळच्या अल अमेरातला, रमणच्या त्या घरातली कपाटं तानाजीनेच केली होती, तेव्हा शब्द न् शब्द खरा होता... खोटं होतं ते न बोललेलं! रमणची चिमुरडी ज्ञानदा “काका, काका” करत पायांत घुटमळत होती. तानाजीने रंधा पिशवीत घातला आणि मागच्या दाराने निघून गेला.

काळजाला घरं पडली, पण राग धरील तर तो तानाजी कसला! अर्बाब, म्हणजे दोघांचा तिथला मालक, एकाच भावाला दुसऱ्या कंपनीत जाऊ देणार होता, तेव्हा शिकलेल्या रमणला त्यानेच पुढे केलं होतं. मग अर्बाबने दुकान गुंडाळलं, त्याच्यापाशी असलेला तानाजीचा पासपोर्टही गेला, व्हिसा संपला, आणि तानाजी इथल्या बोलीत ‘खल्ली वल्ली’ झाला, म्हणजे बिनकागदाचा, सोडून दिलेला माणूस. अशाला थारा देणाऱ्यावरही बालंट येतं. भावाच्या सुखी संसाराला आपली झळ नको म्हणून त्याने सिमकार्ड बदललं, गावी बायकोला, मैनाला, नंबर कुणाला न देण्याची शपथ घातली, आणि दूर सहम गावच्या बागायतीत दारं-खिडक्या ठोकत पाच वर्षं काढली.

अखेर सरकारने व्हिसा संपलेल्यांना दंडमाफी जाहीर केली आणि भारतीय वकिलातीने सहमजवळ शिबिर भरवलं. गावी परतून मैनाचं तोंड पाहायची ही एकच संधी होती. ‘ओमानमधले नातेवाईक’ या रकान्यात त्याने कानावरची पेन्सिल काढून लिहिलं : ‘कोणी नाही’.

टेबलामागच्या विद्याताईंनी नाव कॉम्प्युटरवर घातलं आणि चकित होऊन वर पाहिलं. त्याच्या नावाची फाइल आधीच होती, जुन्या पासपोर्टच्या झेरॉक्ससकट! एक गृहस्थ पाच वर्षं वकिलातीच्या प्रत्येक ओपन हाउसला, म्हणजे तक्रारी ऐकायच्या बैठकीला, येऊन त्याची चौकशी करत होते. विद्याताईंनी लगेच त्या गृहस्थांना फोन लावला.

दीड-दोन तासांत रमण लेकीला शाळेतून तशीच घेऊन धावतपळत आला. ऑफिसात कोकणाचं नावही न काढणारा रमण भरल्या सभागृहात गावच्या बोलीत म्हणाला, “ताई, हो माझो सख्खो भाव.” मग त्याची नजर फॉर्मवर पडली आणि त्याने ‘कोणी नाही’वर बोट ठेवलं.

“खरांच लिवलंस, दादा. मी तसोच वागलंय.”

तानाजीचे डोळे वाहू लागले. त्याने भावाच्या पाठीवरून हात फिरवला.

“अरे वेड्या, पेन्सिलीन लिवलंय. सुतार कधी पेनान खूण करता काय?”

खोडायला काही सापडेना. तेवढ्यात दप्तर चाचपत ज्ञानदा पुढे आली. तिचं मराठी अडखळत होतं.

“काका... हा घ्या. माझा इरेझर.”