अकरावी खुर्ची

जत्रेतले, बागेतले पाळणे तपासणं हे माझं एकवीस वर्षांचं काम. एप्रिल लागला की ब्रइला जिल्ह्यात मी गावोगाव हिंडते. बोल्ट आवळलेत का, साखळीची कडी झिजली आहे का, ब्रेक किती फेऱ्यांत लागतो, हे बघायचं आणि शिक्का द्यायचा किंवा नाकारायचा. ईस्टरच्या आधीच्या मंगळवारी मी खाऱ्या तळ्याकाठच्या, यंदा पहिल्यांदाच माझ्या वाट्याला आलेल्या बागेत पोचले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. ऊन होतं, तळ्यावरून खारट, कुजकट वास येत होता. चिखलस्नानाला येणारे म्हातारे अजून यायचे होते. नव्याने रंगवलेल्या बाकांवर वर्तमानपत्रं पसरलेली होती.

बाग चालवायचे कोस्ताकेकाका. त्यांची बायको प्रोफिराकाकू तिकिटांच्या खिडकीत बसून सूर्यफुलाच्या बिया विकायची, आणि त्यातल्या निम्म्या स्वतःच फोडायची. दोघंही पासष्टीच्या पुढची.

"या, या इंजिनिअरबाई," काकू खिडकीतूनच म्हणाल्या. "तुम्ही येणार म्हणून आमचा म्हातारा तीन दिवस त्या पाळण्याला ग्रीस चोपडतोय. मला कधी इतकं कुरवाळलं नाही त्यानं."

"पाळणा तोंड चालवत नाही," काका म्हणाले.

बागेतलं सगळ्यात जुनं यंत्र म्हणजे हा साखळ्यांचा पाळणा. मधे खांब, वर लाल-पिवळी छत्री, छत्रीच्या कडेला साखळ्यांनी टांगलेल्या चोवीस खुर्च्या. छत्री फिरायला लागली की खुर्च्या बाहेर फेकल्या जातात आणि माणसं तिरकी होऊन हवेत तरंगतात. सगळ्या खुर्च्यांच्या पाठीवर आकडे होते. अकराव्या खुर्चीची समोरची अडसराची दांडी निळ्या दोरीने करकचून बांधलेली होती.

"ही का बांधली?"

"नादुरुस्त आहे."

मी साखळ्या पाहिल्या, कड्या पाहिल्या, वरचा हूक पाहिला. खुर्ची ठणठणीत होती.

"काय नादुरुस्त आहे, काका?"

काकांनी टोपी काढून हातात घेतली. "माझ्या आधी जो हा पाळणा चालवायचा त्यानं मला सांगितलं होतं, हिच्यात कुणाला बसवू नकोस. मी का म्हणून विचारलं नाही."

"इतक्या वर्षांत एकदाही नाही?"

"तुम्ही आधी बघा. मग विचारा."

मी दोरी सोडायला लावली आणि पाळणा रिकामा फिरवायला सांगितला. छत्रीने वेग घेतला. खुर्च्या एकेक करत उचलल्या गेल्या आणि साखळ्या तिरक्या झाल्या. तेवीस खुर्च्यांच्या. अकरावी सरळ खाली लोंबत होती, गवंड्याच्या ओळंब्यासारखी. बाकीच्यांबरोबर तीही गरगर फिरत होती, पण फिरणं जणू तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

असं होऊ शकत नाही. खुर्चीत वजन किती आहे यावर तिरकेपणा ठरत नाही, वेगावर ठरतो. तरी मी तिच्यात साठ किलोचं वाळूचं पोतं बांधलं. पोतंही सरळच लोंबत राहिलं. मग अकरावी आणि बारावी खुर्ची साखळ्यांसकट अदलाबदल करायला लावली. आता बारा आकड्याची खुर्ची सरळ लोंबायला लागली. म्हणजे खुर्चीचा दोष नव्हता, जागेचा होता. मला भीती वाटली असं म्हणता येणार नाही. मला राग आला.

खुर्च्या परत जागच्या जागी लावून झाल्यावर मी सांगितलं, "काका, याचं कारण कळल्याशिवाय मी शिक्का देऊ शकत नाही."

"ईस्टर जाईल आमचा," काका हळूच म्हणाले.

तोवर काकू एप्रनचे बंद आवळत खिडकीतून बाहेर आल्या होत्या. "पोत्याला काय कळतंय? माणूस बसवून बघा. आयुष्यभर एका खुर्चीला घाबरला हा. चांगला नवरा मिळालाय मला!" बोलता बोलता त्या अकराव्या खुर्चीत बसल्यादेखील. दांडी खाली घेतली, खिशातून मूठभर बिया काढल्या. "हं. चालू द्या."

"उतर, प्रोफिरा."

"नाही उतरत. काय करशील?"

शिक्का नसलेल्या यंत्रात माणूस बसवायचा नाही, हा नियम मीच दरवर्षी नव्या लोकांना शिकवते. तरी मी त्यांना उतरवलं नाही. मला जाणून घ्यायचं होतं. काका बटणांच्या पेटीपासून चार पावलं मागे सरले आणि त्यांनी हात पाठीमागे बांधले.

बटण मी दाबलं.

खुर्च्या उचलल्या गेल्या. काकूंची खुर्ची सरळ राहिली. पहिल्या फेरीत त्या आमच्या समोरून गेल्या तेव्हा त्यांच्या कपाळावरची बट हललीसुद्धा नव्हती. त्यांनी बीचं टरफल थुंकलं. ते सरळ खाली पडलं.

"चालू करा की!" त्या म्हणाल्या.

मला वाटलं, चेष्टा करताहेत. एव्हाना छत्रीचा घरघराट चांगलाच वाढला होता. दुसऱ्यांदा समोर आल्या तेव्हा त्या तशाच निवांत बसलेल्या होत्या. "काय हो बाई, बटण सापडत नाही का?" इतक्या वेगात जाणाऱ्या माणसाचा आवाज लांबतो, तुटतो. त्यांचा आवाज समोर बाकावर बसल्यासारखा स्वच्छ ऐकू आला.

तिसऱ्या फेरीला त्या हसत नव्हत्या.

"बसून पाय आखडले माझे. उतरते मी." आणि त्यांनी दांडीच्या कडीला हात घातला.

"प्रोफिरा, सोडू नको! दांडी सोडू नको!" काका धावले.

मी ब्रेक दाबला. चार फेऱ्यांत पाळणा थांबतो. त्या चार फेऱ्यांत मी फक्त त्या कडीवरच्या बोटांकडे बघत होते.

छत्री थांबली. खुर्च्या खाली आल्या, थोड्या झुलल्या आणि स्थिर झाल्या. कडी अजून लागलेली होती. काका धापा टाकत खुर्चीशी पोचले.

तेव्हा खुर्ची हलली.

ती बाहेरच्या बाजूला कलायला लागली. आधी वीतभर. मग हातभर. साखळ्या ताणल्या गेल्या आणि काकूंचे पाय काकांच्या खांद्यावरून वर गेले.

मोटर बंद होती. मी मुख्य खटका खाली ओढला.

खुर्ची आणखी वर गेली आणि तिथेच तिरकी थांबली. काकूंचे केस मागे उडत होते. एप्रन फडफडत होता. तळ्यावर वाऱ्याचा लवलेश नव्हता. बाजूच्या तेवीस खुर्च्या निश्चल होत्या.

"आत्ता कुठे सुरू झाला!" त्या ओरडल्या आणि हसल्या.

काकांनी त्यांचा पाय पकडला आणि अंगातलं सगळं बळ लावून खाली ओढला. तो पाय भिंतीत रोवल्यासारखा होता.

काकूंचं हसू थांबलं. त्यांनी डोळे मिटले. दोन्ही हातांनी साखळ्या धरल्या.

घड्याळाप्रमाणे अकरा मिनिटं.

मग खुर्ची आपली आपण खाली आली. आम्ही दोघांनी त्यांना धरून उतरवलं. त्यांचे गाल लाल झाले होते, ओठ फुटले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, जसं दिवसभर वाऱ्यात राहिलेल्या माणसाचं होतं.

"फार वेळ ठेवलंत," त्या म्हणाल्या. "पुढच्या खुर्चीतली बाई रडायला लागली होती. सारखी मागे वळून मला विचारायची, आता थांबेल का हो म्हणून."

दहाव्या खुर्चीकडे आम्ही कुणीच पाहिलं नाही.

मी शिक्का दिला नाही. अहवालात बेअरिंगचं कारण लिहिलं. एकवीस वर्षांत लिहिलेलं ते माझं एकमेव खोटं वाक्य. जूनमध्ये पाळणा सुटा करून त्याचं लोखंड मोडीत घातलं, तेव्हा मी स्वतः हजर होते. वरच्या अकराव्या जागेची पट्टी मी हातात धरून पाहिली. साधं लोखंड होतं.

ऑक्टोबरात मी त्या दोघांना भेटायला घरी गेले. बटण मी दाबलं होतं, त्यामुळे मला जावंच लागणार होतं. काकू स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं, माझ्या कोटाला नावं ठेवली, काकांच्या स्वयंपाकाची टिंगल केली. सगळं पहिल्यासारखं होतं. फक्त बोलताना त्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या होत्या, आणि मधूनच त्या आपल्या समोर बघून कुणाला तरी समजावल्यासारखं हळूच म्हणायच्या, "होईल, होईल. थोडं थांबा."

"डॉक्टर काय म्हणतात?" मी काकांना दाराशी विचारलं.

"चक्कर, म्हणतात. वयानं होतं, म्हणतात." काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तुम्ही जेवून जा."

त्यांनी घेवड्याचं सार वाढलं. माझा वाडगा काठोकाठ भरला, स्वतःचाही. काकूंचा मात्र अर्धाच भरला. मी काही विचारायच्या आत त्यांनी तो काकूंपुढे ठेवला आणि हात काढून घेतला. वाडगा टेबलावर सरळ, स्थिर होता, पण आतलं सार हळूहळू एका बाजूला चढत गेलं आणि काठाशी येऊन थांबलं.