आईच्या अंगावरचा शत्रू

गावातल्या तालमीला कुलूप लागून कित्येक वर्षं झाली होती. माणसाने माणसाला उघड्या अंगाने भिडायचं, हीच मुळी आता जिवावर बेतणारी गोष्ट होती. जुनी जंतुनाशक औषधं दुकानात मिळत होती, नाही असं नाही. पण त्यांना भीक घालणारा जंतू उरला नव्हता. साधं खरचटलं तरी लोकांच्या तोंडचं पाणी पळे. लग्नातसुद्धा नवरा-नवरी हातमोजे घालून एकमेकांना हार घालत, आणि त्याचं कुणाला हसूही येईनासं झालं होतं.

वैजयंता मगदूम त्या तालमीची शेवटची पैलवान. आखाड्याच्या मातीतून उठलेल्या ज्या जंतूने तिच्या जोडीदारिणी नेल्या, तो तिच्याही गुडघ्यात शिरला होता. तिच्या कातडीने त्याला चीत केलं. चीत केलं, घालवलं मात्र नाही. तो तिच्या अंगावर गुपचूप राहिला आणि आता तिच्या तान्ह्या मुक्ताच्या मांडीवर फोड होऊन उगवला होता. पोरीचं अंग तापाने फणफणत होतं.

"माझ्यामुळंच ना?" तिने डॉक्टर निखत मुजावर यांना विचारलं.

"तुमच्यापासून. तुमच्यामुळे नव्हे. आता रडत बसायला वेळ नाही, ताई."

"रडतंय कोण? बोला तुम्ही."

निखतबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "आपल्या कातडीत पहारेकरी पेशी असतात. आम्ही त्यांना जागले म्हणतो. जखमेतून जंतू शिरला की जागले त्याचा तुकडा घेऊन काखेतल्या, जांघेतल्या गाठींकडे धावतात. तिथल्या लढाऊ पेशी तो तुकडा पाहून जंतूची ओळख पाठ करतात आणि कातडीत येऊन कायमचं ठाण मांडतात. पुन्हा तो दिसला की तुटून पडतात. तुमच्या कातडीने हे आपलं आपण केलं. मुक्ताची अजून कच्ची आहे. तिच्या जागल्यांना हा शत्रू वाटतच नाही."

"मग सांगा की त्यांना!"

"तेच करायचंय. एक इंजेक्शन आहे. ते दिलं की दिवसभर जागले पिसाळल्यासारखे होतात. त्या वेळात कातडीवर जो परका जंतू सापडेल तो गुन्हेगार. याला आम्ही ओळखपरेड म्हणतो."

वैजयंताच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "मग घोडं अडलंय कुठं?"

घोडं अडलं होतं ते जंतूच्या लबाडीपाशी. फोडात तो स्वतःभोवती कवच बांधून लपे. प्रयोगशाळेत वाढवला की रूप पालटे. खऱ्या रूपात तो सापडे तो फक्त वैजयंताच्या कातडीवर, आणि तिथे तो एकटा नव्हता. प्रत्येकाच्या अंगावर लाखो निरुपद्रवी जंतूंचं बिऱ्हाड असतं आणि दर माणसाचं बिऱ्हाड वेगळं असतं. तिच्या बिऱ्हाडातून त्या एकट्याला वेगळं काढणं कुणालाच जमलं नव्हतं.

"म्हणजे इंजेक्शन दिल्यावर पोरीला मी धरायचं?"

"उघड्या अंगाने. दिवसभर."

"एवढंच?"

"एवढंच नाही." निखतबाईंचा आवाज खाली आला. "तुमच्या अंगावरचं सगळंच तिच्या कातडीला शत्रू म्हणून पाठ होईल. जन्मभरासाठी."

वैजयंताला शब्द कळले, पण अर्थ पोटात उतरायला वेळ लागला.

"नंतर मी शिवले तर?"

"आधी चट्टे. मग फोड. त्यापुढचं मलाही सांगता येत नाही."

"घासून अंघोळ केली तर?"

"दोन दिवसांत तेच जंतू परत येतात. हातमोजे घालून भरवता येईल. अंगावर पाजता येणार नाही. गालाला गाल लावता येणार नाही."

"हे कसलं मेलं औषध!" वैजयंता उसळून उठली. तिला डॉक्टरांचा राग आला, जंतूचा आला, स्वतःच्या धडधाकट अंगाचा तर सगळ्यात जास्त आला. मग तिने मुक्ताकडे पाहिलं. पोर श्वास घेताना कण्हत होती.

"आणि न्हाई धरलं तर?"

निखतबाईंनी मुक्ताच्या मांडीवरच्या फोडाकडे बोट दाखवलं.

"द्या इंजेक्शन," वैजयंता म्हणाली.

तिचा नवरा धनाजी कित्येक महिने परमुलखात कामाला होता; त्याच्या अंगावर तिच्या जंतूंचं बिऱ्हाड उरलं नव्हतं. तो धावतपळत आला, तेव्हा ओळखपरेडीत त्याचेही जंतू सापडू नयेत म्हणून त्याला दवाखान्यातल्या काचेच्या खोलीबाहेरच थांबवलं. मुक्ताचं अंग नंतर धुऊन तिथे त्याचे जंतू वसवायचे होते.

"वैजू, दुसरा मार्ग असंल की गं! मोठ्या शहरात नेऊ."

"पोचंस्तोवर पोर राहील का? अवो, नीट ऐका. तिला कुणीतरी कुशीत घ्यायला पायजे. ते तुम्ही. मला शिवून तिला शिवलात, तर माझंच तिच्या अंगावर न्याल. तवा आजपासनं मला हात लावायचा न्हाई."

"आणि तुला गं कोण?"

"माझं मी बघीन. तुम्ही वेणी घालायला शिका आधी. दोरखंड वळल्यासारखी वळाल, तर पोरगी शाळेत जायची न्हाई."

धनाजी हसायला गेला आणि काचेला कपाळ टेकून हमसून हमसून रडला.

इंजेक्शन दिलं. वैजयंताने लेकीला उघड्या छातीशी घेतलं, शेवटचं पाजलं. मुक्ता तृप्त होऊन तिच्या हातांवर झोपून गेली. तिची टाळू हुंगताना वैजयंताच्या डोळ्यांना धार लागली, ती तिने पुसली नाही.

दुपार कलताना मुक्ताच्या पाठीवर लाली चढू लागली. आधी पुसट, मग स्पष्ट. पाच बोटं आणि एक तळवा. निखतबाई काचेशी धावल्या. "लागू पडतंय, ताई! ओळख पटतेय!"

आग होऊ लागली तशी मुक्ता दचकून उठली आणि तिने टाहो फोडला. दुखलंखुपलं की ती नेहमी करायची तेच तिने केलं: आईच्या गळ्यात तोंड खुपसलं, दोन्ही हातांनी तिला घट्ट धरलं. जिथे जिथे बिलगली तिथे तिथे चट्टे उमटले. चट्टे उमटले तशी ती आणखी रडली, आणि आणखी बिलगली.

"अजून किती वेळ?" वैजयंताने विचारलं.

"दिवस मावळेपर्यंत."

"बरं," ती म्हणाली, आणि लेकीच्या पाठीवरचा हात तिने तसाच ठेवला.